टेरिटोरियल आर्मीत ऑफिसर व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीएबद्दल सतत कोणी ना कोणी विचारत असतं, आणि बऱ्याच जणांच्या डोक्यात एकच समज बसलेला असतो की एनडीए-सीडीएस (आर्मी ऑफिसर व्हायच्या परीक्षा) हुकली, वय गेलं, आता ही शेवटची वाट उरलीये. तसं नाहीये हो. टीए ज्याचं बाहेर नीट चाललंय अशा माणसासाठीच बनवलीये, नोकरी धंदा सांभाळून वर्षातला ठराविक काळ वर्दी घालायची आणि गरज पडली तर सगळं बाजूला ठेवून जायचं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. खाली जे लिहिलंय ते फक्त ऑफिसर एंट्रीबद्दल आहे.

टेरिटोरियल आर्मी म्हणजे नक्की काय? खरी आर्मी आहे ना?

हो, खरी. मराठीत प्रादेशिक सेना म्हणतात. १९४८ च्या कायद्याने उभी राहिली आणि ९ ऑक्टोबर १९४९ ला तेव्हाचे गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते औपचारिक सुरुवात झाली, म्हणून ९ ऑक्टोबर हा टीए डे. इंग्रजांच्या काळातही १९२० पासून इंडियन टेरिटोरियल फोर्स होती, पण आजची टीए ही स्वतंत्र भारताची. ब्रीदवाक्य सावधानी व शूरता.

काम काय, तर रेग्युलर आर्मीला गार्ड ड्युटीसारख्या एका जागी अडकवून ठेवणाऱ्या कामांतून मोकळं करायचं, पूर-भूकंप अशा वेळी सिव्हिल प्रशासनाला मदत करायची, आणि लागेल तेव्हा आर्मीला तयार युनिट पुरवायची. १९६२, १९६५, १९७१ तिन्ही युद्धांत टीएची माणसं होती. काश्मीरमध्ये आणि ईशान्येकडेही टीएच्या बटालियन काम करत आल्यात.

पार्ट टाइम म्हणजे शनिवार-रविवारी जायचं का?

नाही. हा गैरसमज बहुतेक परदेशातल्या रिझर्व्हचे व्हिडिओ बघून होतो. आपल्याकडे सलग कॅम्प असतो, वर्षाला दोन महिने. त्या काळात तुम्ही पूर्ण वेळ फौजी, सकाळच्या पीटीपासून रात्रीच्या रोल कॉलपर्यंत, आणि ड्युटीवर असताना आर्मी अॅक्ट १९५० तुम्हाला लागू. कॅम्प संपला की घरी, आपल्या कामावर. याशिवाय युनिटला सरकारने बोलावलं की 'एम्बॉडी' करतात, म्हणजे तेवढा काळ तुम्ही पूर्ण वेळ सेवेत. तो काळ काही महिने असू शकतो, काही वर्षंही असू शकतो.

कोल्हापूर-देवळालीला टीए भरती होते तीच का ही?

ती जवानांची भरती. ग्राउंड, धावणं, कागदपत्रं, मेडिकल, लेखी असा तिचा वेगळा प्रवास आहे. ऑफिसर एंट्रीला रॅली नसते, जाहिरात वेगळी येते आणि अर्ज ऑनलाइन. दोन्हीत वयाची मर्यादा १८ ते ४२ अशीच असल्यामुळे लोक गोंधळतात. व्हॉट्सअॅपवर फिरणारं पत्रक आधी नीट वाचा, त्यात सोल्जर जनरल ड्युटी, क्लार्क, ट्रेड्समन असं काही लिहिलेलं असेल तर ते तुमच्यासाठी नाही.

पात्रता काय आहे?

भारतीय नागरिक, वय १८ ते ४२ (अर्जाच्या शेवटच्या तारखेला मोजतात), मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणत्याही शाखेची पदवी, शारीरिक आणि मेडिकल दृष्ट्या फिट, आणि कमावते असलं पाहिजे. पॅन कार्ड लागतंच. या सिव्हिलियन एंट्रीतून सध्या आर्मी, नेव्ही, एअर फोर्स, पोलीस, ग्रेफ (सीमेवरचे रस्ते बांधणारी फोर्स), पॅरामिलिटरी यांत असलेल्यांना अर्ज करता येत नाही. हा शेवटचा मुद्दा पोलिसातल्या बऱ्याच मुलांना माहीत नसतो आणि फी भरून झाल्यावर कळतो. मार्कांची टक्केवारी, एनसीसी यांची अट नाही. सी सर्टिफिकेट असेल तर चांगलंच, ड्रिल आणि कॅम्पची सवय असते, पण नसलं म्हणून काही अडत नाही. लग्न झालेलं चालतं.

कमावते म्हणजे किती? धंदा चालतो का?

किती पगार पाहिजे यापेक्षा तो कागदावर दिसतो का हे महत्त्वाचं. नोकरीवाल्यांनी सॅलरी स्लिप, फॉर्म १६, कंपनीचं पत्र तयार ठेवायचं, सरकारी नोकरीवाल्यांना खात्याची एनओसी लागते. स्वतःचा धंदा किंवा प्रॅक्टिस असेल तर कामाचं स्वरूप आणि वार्षिक उत्पन्न लिहून स्टॅम्प पेपरवर अॅफिडेव्हिट करावं लागतं. सोबत इन्कम टॅक्सची रिटर्न भरलेली असली पाहिजेत. इथेच गाडी अडते. धंदा दणक्यात चाललेला असतो, सगळा व्यवहार रोखीत, रिटर्न मात्र एकही नाही, मग कमावतो हे सिद्ध कसं करणार? टीएचा विचार मनात आला त्याच वर्षीपासून रिटर्न नियमित भरायला लागा.

सध्या नोकरी नाही, टीएत लागलो तर तीच नोकरी होईल ना?

नाही, आणि हे मी कळकळीने सांगतोय. टीएच्या जाहिरातीत स्वच्छ लिहिलेलं असतं की ही पूर्ण वेळेची नोकरी नाही, सलग सेवेची हमी नाही, पेन्शनची हमी नाही. एम्बॉडीमेंट ही सैन्याच्या गरजेवर आहे, तुमच्या गरजेवर नाही. काही ऑफिसर वर्षानुवर्षं एम्बॉडीड राहतात हे खरं आहे, त्यांच्याकडे बघून मुलं समजतात की आपलंही तसंच होईल, आणि चांगली चालू असलेली नोकरी सोडून बसतात. मग कॅम्प संपून घरी आल्यावर उरलेले महिने काय करायचं हा प्रश्न समोर येतो, वर घरचे हप्ते असतात. पूर्ण वेळ फौज हवी असेल आणि वय बसत असेल तर सीडीएस, एसएससी टेक, एनसीसी स्पेशल एंट्री, एएफकॅट हे रस्ते आधी बघा. टीए त्यांची बदली नाहीये. पोट आपल्या कामावर भरलं पाहिजे.

मुलींना संधी आहे का?

आहे, पण जागा फार कमी. २०२५ च्या जाहिरातीत एकूण १९ जागा होत्या, त्यातली महिलांसाठी १. आधी टीएच्या इन्फन्ट्री बटालियनमध्ये महिलांना घेत नव्हते, फक्त रेल्वे आणि तेल कंपन्यांशी जोडलेल्या डिपार्टमेंटल युनिटमध्ये घ्यायचे. २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्यावर निकाल दिला आणि दार उघडलं. एका जागेसाठी देशभरातून स्पर्धा असते हे माहीत असून ज्या मुली तयारी करतात त्यांचं मला खरंच कौतुक वाटतं, जागा वाढायलाच हव्यात.

जाहिरात कधी येते?

ठरलेला महिना नाही आणि दर वर्षी येईलच असंही नाही. २०२३ मध्ये अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते, त्यानंतर थेट २०२५ मध्ये १२ मे ते १० जून. म्हणजे मधे चांगलाच गॅप पडला. म्हणून जाहिरातीची वाट बघत अभ्यास थांबवू नका. वय ४१ असेल तर हा गॅप फार महागात पडतो. टेरिटोरियल आर्मीची सरकारी वेबसाईट आणि एम्प्लॉयमेंट न्यूज या दोनच ठिकाणी नजर ठेवा.

लेखी परीक्षा कशी असते?

चार भाग: रिझनिंग, प्राथमिक गणित, जनरल नॉलेज आणि इंग्रजी. सगळे प्रश्न बहुपर्यायी, चुकीच्या उत्तराला मार्क कापतात. प्रत्येक भागात वेगळे किमान ४० टक्के आणि एकूण सरासरी किमान ५० टक्के लागतात. पेपर किती, प्रश्न किती यात बदल होत आलेत त्यामुळे त्या वर्षीच्या जाहिरातीतलं वाचूनच वेळेचं गणित बसवा.

लक्षात घ्या, हे प्रत्येक भागातलं ४० टक्क्यांचं कलम फार जणांना बाहेर काढतं. इंजिनियर मुलं गणित-रिझनिंगमध्ये भरपूर मार्क घेतात आणि जीकेत अडकतात, आणि शिक्षक, वकील मंडळींचं उलट होतं, गणितात पाय घसरतो. गणित दहावीच्या पातळीचं आहे, शेकडेवारी, नफा-तोटा, काळ-काम-वेग, सरासरी, व्याज, क्षेत्रफळ. पण दहावी होऊन वीस-पंचवीस वर्षं झालेल्या माणसाला ते परत हाताला लागायला वेळ लागतो, म्हणून तुमचा जो भाग सगळ्यात कच्चा आहे तिथूनच सुरुवात करा, आवडीचा भाग आपोआप होतो. जुने सीडीएसचे जीके आणि इंग्रजीचे पेपर सोडवले तर अंदाज चांगला येतो. नोकरी सांभाळून रोज सलग तीन-चार तास मिळणं कठीण आहे, पण सकाळी एक तास आणि रात्री एक तास काढणारे लोक पास होताना बघितलेत.

पीआयबी म्हणजे काय, तिथे काय विचारतात?

प्रिलिमिनरी इंटरव्ह्यू बोर्ड. लेखी पास झालेल्यांना टीए ग्रुप हेडक्वार्टरला बोलावतात, आपल्याकडच्या मुलांना सदर्न कमांडचं पुण्यातलं. जाहिरातीत हा टप्पा दिलेला असेल तर त्याला अजिबात हलक्यात घेऊ नका. इथे कागदपत्रं बारकाईने बघतात आणि तुम्ही खरंच जे करता म्हणता ते करता का, हे बोलण्यातून काढतात.

माझ्या ओळखीच्या एका दूध व्यवसायवाल्याला विचारलं होतं, गोठ्यात जनावरं किती, दिवसाला दूध किती लिटर, डेअरीला फॅट किती लागते, खाद्याचा खर्च वजा जाता हातात काय राहतं. त्याने पटापट सांगितलं, रोजचंच काम होतं त्याचं. मग विचारलं, तुम्ही दोन महिने कॅम्पला गेलात तर धारा कोण काढणार? तो म्हणाला, सर लहान भाऊ आणि एक गडी आहे, गेल्या उन्हाळ्यात मी मुद्दाम महिनाभर गोठ्यात पाऊल टाकलं नाही, चालतं का ते बघायला. बोर्डाला हेच ऐकायचं असतं. तुमच्या पाठीमागे तुमचं काम कोण बघणार याचं उत्तर तयार असायला हवं, आणि ते उत्तर घरी आधी अमलात आणून बघितलेलं असेल तर आवाजात आपोआप खरेपणा येतो. ज्याच्याकडे हे उत्तर नसतं तो देशप्रेमावर भाषण द्यायला लागतो.

बाकी तुमच्या शहराची, जिल्ह्याची माहिती, चालू घडामोडी, टीएच का, हे प्रश्न येतातच.

एसएसबी टीएवाल्यांना सोपी असते का?

नाही. तीच पाच दिवसांची एसएसबी (सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड, म्हणजे ऑफिसर निवडणारं मंडळ), त्याच टेस्ट, तेच पंधरा ऑफिसर लाइक क्वालिटीजचे निकष. फरक एवढाच की तुमच्यासोबतचे लोक तिशी-चाळिशीचे असू शकतात.

पहिल्या दिवशी स्क्रीनिंग: बुद्धिमत्ता चाचणी आणि एक धूसर चित्र दाखवून त्यावर गोष्ट लिहायची, मग ती ग्रुपमध्ये सांगायची आणि सगळ्यांची मिळून एक गोष्ट करायची. इथेच बरेच जण घरी जातात. राहिलेल्यांची मग सायकॉलॉजी टेस्ट, त्यात चित्रांवर गोष्टी (अकरा चित्रं आणि एक कोरी पाटी, प्रत्येकी चार मिनिटं), साठ शब्दांवर प्रत्येकी पंधरा सेकंदात वाक्यं, साठ प्रसंगांवर अर्ध्या तासात प्रतिक्रिया आणि स्वतःबद्दलचं वर्णन. पुढे दोन दिवस जीटीओ म्हणजे ग्राउंड, मधे कधीतरी पर्सनल इंटरव्ह्यू, आणि पाचव्या दिवशी कॉन्फरन्स.

ग्राउंडबद्दल एक गोष्ट सांगतो. आमच्या ग्रुपमध्ये एक चाळिशीला टेकलेले शाळामास्तर होते. प्रोग्रेसिव्ह ग्रुप टास्कमध्ये फळी, बल्ली आणि दोर मिळतात आणि लाल रंगाला हात न लावता सगळ्यांनी सामानासकट पलीकडे जायचं असतं. पोरं सगळी एकदम ओरडत होती, बल्ली इकडे, फळी तिकडे, दोर बांध, सोड. मास्तरांनी आवाज चढवला नाही. फळी हलत होती म्हणून तिच्या टोकावर ते स्वतः बसले, वजनाने ती स्थिर झाली, आणि एकेकाला नावाने हाक मारून पुढे काढलं, सगळ्यात शेवटी स्वतः आले. त्यांची आयडिया फार भारी होती अशातला भाग नाही, आयडिया दुसऱ्याचीच होती, पण ती अमलात त्यांच्यामुळे आली. रेकमेंड झाले, म्हणजे बोर्डाने निवडलं. वय झालंय, आपण या पोरांपुढे टिकणार नाही असं ज्यांना वाटतं त्यांना मी हे नेहमी सांगतो. वर्षानुवर्षं वर्ग सांभाळलेला, साइट चालवलेली, दुकानात गिऱ्हाईक आणि कामगार दोन्ही हाताळलेले लोक तिथे मुळीच कमी पडत नाहीत.

इंडिव्हिज्युअल ऑब्स्टॅकल्स मात्र शरीर मागतात. दहा अडथळे, तीन मिनिटं. दोरावर चढायला, उंचावरून उडी मारायला सराव लागतो, आणि तो आठवडाभरात होत नाही.

इंग्रजी कच्चं आहे, चालेल का?

लेखीत इंग्रजीचा वेगळा भाग आहे त्यामुळे तेवढं तरी यायलाच हवं. एसएसबीत फर्डं बोलणं कोणी मागत नाही, पण मनातलं न अडखळता सांगता आलं पाहिजे. मराठी मिडियमच्या मुलांची खरी अडचण शब्दांची नसते, ती मनात मराठी वाक्य बनवून मग त्याचं इंग्रजी करत बसतात आणि तोवर ग्रुप डिस्कशन पुढे गेलेलं असतं. रोज पंधरा मिनिटं मोठ्याने बोला, पेपरातली एखादी बातमी वाचून तिच्यावर. तीन-चार महिन्यांत फरक जाणवतो.

मेडिकलमध्ये काय बघतात?

रेग्युलर ऑफिसरसारखीच मेडिकल होते, मिलिटरी हॉस्पिटलमध्ये. डोळे, रंग ओळखणं, कान, दात, गुडघे, सपाट तळवे, व्हेरिकोज व्हेन्स, वजन. तिशीनंतरच्या लोकांना मुख्य त्रास वजनाचा, ब्लड प्रेशरचा आणि शुगरचा. टेम्पररी कारणासाठी नाकारलं तर अपीलची मुदत मिळते, त्यात ऑपरेशन किंवा वजन कमी करून परत जाता येतं. पण शहाणपण यात आहे की लेखीचा फॉर्म भरतानाच एकदा चांगल्या डॉक्टरकडून सगळं तपासून घ्या, रंग ओळखण्यात दोष असेल तर दोन वर्षं मेहनत केल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. मेडिकलनंतर पोलीस व्हेरिफिकेशन आणि मग कमिशन, थेट लेफ्टनंट.

ट्रेनिंग किती दिवसांचं?

पहिल्या वर्षी एक महिन्याचं बेसिक, दर वर्षी (पहिलं धरून) दोन महिन्यांचा वार्षिक कॅम्प, आणि पहिल्या दोन वर्षांच्या आत तीन महिन्यांचं पोस्ट कमिशन ट्रेनिंग, डेहराडूनच्या आयएमएमध्ये.

आता बेरीज करा. पहिल्या दोन वर्षांत एक, दोन, दोन आणि तीन, म्हणजे चोवीसातले आठ महिने तुम्ही कामावर नसणार. लोक फक्त "वर्षाला दोन महिने" एवढंच ऐकतात आणि बॉसला, बायकोला, पार्टनरला तेवढंच सांगतात, मग डेहराडूनचं पत्र आलं की घरात आणि ऑफिसात दोन्हीकडे वादावादी. पहिल्यापासून आठ महिने सांगा.

कंपनी सुट्टी देईल का? नोकरी गेली तर?

टीएच्या कायद्यात कलम ७ए आहे, लष्करी सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला आवश्यक ती रजा देणं आणि सेवा संपल्यावर आधीपेक्षा कमी नाही अशा अटींवर परत कामावर घेणं हे मालकाचं कर्तव्य आहे. मालकाचं म्हणणं असेल की परत घेणं शक्यच नाही, तर दोघांपैकी कोणीही ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याकडे प्रकरण नेऊ शकतं. कायदा तुमच्या बाजूने आहे हे नक्की.

पण कायद्याचा कागद दाखवून नोकरी टिकवण्याची वेळ येऊ नये असं मला वाटतं. बहुतेक एचआरवाल्यांनी हे कलम कधी ऐकलेलंही नसतं. म्हणून लेखी पास झाल्या झाल्या मॅनेजरशी बोला, कलमाची प्रत द्या, ट्रेनिंगच्या काळात पगार, पीएफ, प्रमोशन यांचं काय होणार ते लेखी मागा. खाजगी कंपनी त्या काळात पगार देईल का हे तिच्या पॉलिसीवर आहे. सरकारी, बँक, पीएसयूवाल्यांचे त्यासाठी ठरलेले नियम आहेत, आस्थापना शाखेत जाऊन विचारा. छोट्या कंपनीत पाचच माणसं असतील आणि त्यातले तुम्ही एक असाल तर मालकाची अडचणही समजून घ्या, बदली माणूस शिकवून तयार करून द्या, बराच विरोध तिथेच मावळतो.

पगार किती?

ट्रेनिंगला किंवा एम्बॉडीड असताना रेग्युलर ऑफिसरइतकाच. लेफ्टनंटचं बेसिक सातव्या वेतन आयोगानुसार लेव्हल १० मध्ये ५६,१०० पासून, कॅप्टन ६१,३०० पासून, मेजर ६९,४०० पासून, लेफ्टनंट कर्नल १,२१,२०० पासून. त्यावर मिलिटरी सर्व्हिस पे १५,५०० आणि महागाई व इतर भत्ते. कॅन्टीन, मेडिकल, रजा या सोयीही त्या काळात मिळतात. घरी आपल्या कामावर असताना टीएकडून पगार नाही. एवढंच.

पेन्शन मिळते का?

ऑफिसरला पेन्शनसाठी २० वर्षांची प्रत्यक्ष एम्बॉडीड सेवा लागते. फक्त वार्षिक कॅम्प करून ती कधी भरत नाही, म्हणून पेन्शन डोळ्यासमोर ठेवून येऊ नका, आपला पीएफ, एनपीएस, विमा सगळं बाहेर चालू ठेवा. माजी सैनिकाचा दर्जाही आपोआप मिळत नाही, टीएवाल्यांपैकी पेन्शनधारक, सेवेमुळे अपंगत्व आलेले आणि शौर्य पदक विजेते यांनाच मिळतो.

प्रत्यक्ष बॉर्डरवर पाठवतात का?

पाठवतात. हा प्रश्न घरचे विचारतात तेव्हा गोड बोलून टाळू नका. ६ मे २०२५ ला केंद्र सरकारने आदेश काढून टीए नियम १९४८ च्या नियम ३३ खाली लष्करप्रमुखांना टीएचा प्रत्येक ऑफिसर आणि जवान बोलावण्याचा अधिकार दिला. टीएच्या तेव्हाच्या ३२ इन्फन्ट्री बटालियनपैकी १४ एम्बॉडी करायचं त्यात म्हटलेलं होतं, रेग्युलर आर्मीच्या वेगवेगळ्या कमांडमध्ये तैनातीसाठी. तो आदेश बातम्यांत आला तेव्हा कित्येक टीए ऑफिसर आपापल्या ऑफिसात, दुकानात, कोर्टात बसलेले असणार. फोन आला की जायचं, हीच तर या कमिशनची अट आहे. घरच्यांना ही गोष्ट सही करायच्या आधी समजावून सांगा, सगळे एकत्र जेवायला बसलेले असतात तेव्हा सांगा, आई-वडील काय म्हणतात ते पूर्ण ऐकून घ्या.

धोनीपण टीएत आहे ना? मग त्याने परीक्षा दिली का?

धोनी, कपिल देव, नीरज चोप्रा यांना मिळालेली रँक मानद आहे. कपिल देव २००८, धोनी २०११, नीरज २०२५. मानद आहे म्हणून ती नुसती शोभेची असं समजू नका, धोनीने आग्र्याला पॅराशूट उड्या पूर्ण केल्या आणि २०१९ मध्ये काश्मीरला १०६ पॅरा टीए बटालियनसोबत ड्युटी केली. सचिन पायलट (२०१२) आणि अनुराग ठाकूर (२०१६) मात्र निवड प्रक्रियेतून येऊन लेफ्टनंट झाले, आपल्यासारखेच.

प्रमोशन कसं होतं?

लेफ्टनंट कर्नलपर्यंत ठराविक सेवा आणि अटी पूर्ण केल्यावर टाइम स्केलने, पुढे कर्नल आणि ब्रिगेडियर सिलेक्शनने. कॅम्प चुकवत राहिलात तर अटीच पूर्ण होत नाहीत.

महाराष्ट्रात कोणत्या युनिट आहेत? आपल्याला तिथेच मिळेल का?

पुण्यात १०१ बटालियन आणि कोल्हापूरला १०९, दोन्ही मराठा लाइट इन्फन्ट्रीशी जोडलेल्या. देवळालीला ११६ पॅरा, नागपूरला सीताबर्डी किल्ल्यात ११८ ग्रेनेडियर्स. आणि छत्रपती संभाजीनगरला १३६ इको बटालियन, महार रेजिमेंटची, जी मराठवाड्यात झाडं लावते आणि जगवते. इको बटालियनची कल्पना टीएमध्ये १९८२ पासून आहे, पहिली डेहराडूनला उभी राहिली, मसुरीच्या डोंगरांवर खाणकामाने झालेलं नुकसान भरून काढायला. मराठवाड्यातला उन्हाळा ज्याने बघितलाय त्याला रोप लावणं आणि ते तीन उन्हाळे टिकवणं यातला फरक सांगायला नको, मला तरी ते काम कोणत्याही ड्युटीइतकंच मोठं वाटतं.

घराजवळचं युनिट मिळेलच असं नाही. सैन्याच्या गरजेनुसार मिळतं आणि तिथे जावं लागतं.

क्लास लावू का? कोणी सेटिंग करून देतो म्हणतोय.

सेटिंग नावाचा प्रकार म्हणजे फसवणूक, पैसे देऊ नका आणि त्या माणसाची पोलिसात तक्रार करा. एसएसबीत तीन वेगवेगळे असेसर तुम्हाला स्वतंत्रपणे बघतात, कोणाची ओळख तिथे चालत नाही. क्लासचं म्हणाल तर लेखीसाठी गरज नाही, एसएसबीसाठी आठवडाभराचा चांगला कोर्स केला तर ग्राउंडची भीती जाते, पण पाठ केलेल्या गोष्टी आणि ठोकळेबाज उत्तरं तिथे लगेच ओळखू येतात.

फॉर्म भरताना काय सांभाळायचं?

नाव दहावीच्या सर्टिफिकेटवर, डिग्रीवर, आधारवर आणि पॅनवर एकसारखं आहे का ते आत्ताच बघा. आपल्याकडे हा घोळ फार असतो, कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव गायब, लग्नानंतर मुलींचं नाव अर्ध्या कागदांवर बदललेलं. राजपत्रात नाव दुरुस्ती करून घ्यायला वेळ लागतो आणि जाहिरात आल्यावर महिनाभरच मुदत असते. जन्मतारीख दहावीच्या कागदाप्रमाणेच. डिग्रीचं कन्व्होकेशन सर्टिफिकेट काढलं नसेल तर विद्यापीठात अर्ज टाका. एनओसी सरकारी खात्यातून हलायला महिने लागतात, ती फाईल आधीच सरकवा. फी २०२५ ला ५०० रुपये होती, ऑनलाइन भरून झाली की पावती आणि भरलेल्या फॉर्मची प्रिंट दोन्ही जपून ठेवा, पुढच्या टप्प्यांवर मागतात. फोटो नवा काढा. आणि फॉर्ममध्ये नोकरीबद्दल जे लिहाल, तारखा, पद, पगार, त्याचा एक फोटो मोबाईलमध्ये ठेवा, कारण कित्येक महिन्यांनी इंटरव्ह्यूला बसल्यावर समोर तोच कागद असतो आणि प्रश्न त्यातूनच निघतात.